पाव्हण्यांचा मान

राहुरी तालुक्यात मुळेच्या कालव्याखाली आबांची वस्ती. तीन एकर ऊस, थोडा कांदा, एकरभर घास आणि मका, गोठ्यात सात गाई. उसाचे पैसे कारखाना देईल तेव्हा, कांद्याचे बाजार देईल तेवढे. घरात रोजचा पैसा यायचा तो दुधाचाच. म्हणून आबांचा सगळा जीव गोठ्यात. होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तिन्ही रक्तांची फुले त्रिवेणी गाय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तयार झाली. ती बघायला म्हणून आबा तरुणपणी पहिल्यांदा विद्यापीठाची पायरी चढले आणि स्वच्छ दूध कसं काढायचं ते शिकून आले. तेव्हापासून गोठ्यातली शिस्त कधी मोडली नाही.

कास धुवायची ती पोटॅशियम परमँगनेटच्या कोमट पाण्यानं. पुसायची ती प्रत्येक गाईला वेगळ्या फडक्यानं. फडकी रोज उकळून दोरीवर वाळत. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीत काढून गुठळी दिसते का बघायची. धार काढून झाली की चारही सड आयोडीनच्या पाण्यात बुडवायचे आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची. कारण धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं. गाय तेवढ्यात शेणात बसली की जंतू आत शिरलाच, आणि मग दगडी. कास दगडासारखी होते, दुधात गाठी येतात, एक सड कायमचा जातो. धार काढायला येणाऱ्या गड्याचे हात आबा रोज बघत. नखं वाढलेली दिसली तर त्या दिवशी त्याला कासेला हात लावू देत नसत. गडी यावर कधी रुसला नाही. कामाचा भाग म्हणून त्यानं ते गृहीतच धरलं.

बासष्टाव्या वर्षी आबांच्या छातीत कळ आली. नगरच्या इस्पितळात अँजिओग्राफी झाली, तिन्ही वाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. बायपास करायचं ठरलं. केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मंजुरी मिळाली आणि पैशाची चिंता बरीचशी मिटली. तारीख मात्र डॉक्टरांनी लगेच दिली नाही. आबांना पंधरा वर्षांचा मधुमेह, तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर, आणि खिशात बिडीचं बंडल. दुखणं थोपवून धरता येण्यासारखं होतं, म्हणून डॉक्टर म्हणाले, "आधी साखर खाली आणू. बिडी आजपासून बंद. हृदयाचं काम मी करीन, पण वरचं हाड आणि कातडी तुमच्या रक्तानंच भरून यायची आहे. रक्तात साखर फार असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि बिडीनं जखमेला प्राणवायू पोचत नाही."

आबांनी बिडी सोडली. इन्शुलिन घ्यायला लागले. इथपर्यंत ते शहाण्यासारखे वागले.

ऑपरेशनच्या आधी सिस्टरनं नाकात लावायचं मलम दिलं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. आबा म्हणाले, "बाई, दुखणं छातीत आहे, नाकाला काय झालंय?" सिस्टर संगमनेरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिनं विचारलं, "आबा, गाईला दगडी कशानं होते?" आबा म्हणाले, "जंतूनं." "त्या जंतूंमध्ये एक स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा असतो. तो माणसाच्या नाकातही राहतो, साधारण तिघांतल्या एकाच्या. तिथं तो काही त्रास देत नाही. पण छाती उघडली की तोच हातावरून, कातडीवरून जखमेत उतरतो. बायपासनंतर छाती पिकते त्या रोग्यांमध्ये पुष्कळदा हाच सापडतो. म्हणून आधी त्याला नाकातून काढायचा." आबा बराच वेळ गप्प राहिले. गाईचा नि आपला वैरी एकच, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

सिस्टरनं आणखी एक बजावलं. घरी छातीवरचे, पायावरचे केस काढायचे नाहीत. आबांच्या मनात होतं ते उलटंच. आदल्या दिवशी न्हाव्याला बोलवावं, छाती गुळगुळीत करून घ्यावी आणि स्वच्छ होऊन टेबलावर जावं. पण वस्तऱ्यानं डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे पडतात आणि रात्रभरात जंतू त्यांत घर करतात. म्हणून इस्पितळात केस काढायचेच झाले तर मशीननं कापतात, तेही ऑपरेशनच्या तोंडावर. क्लोरहेक्सिडीन घातलेल्या साबणानं अंघोळ, चिरा देण्याआधीच्या तासाभरात प्रतिजैविकाचं इंजेक्शन, म्हणजे कातडी उघडेल तेव्हा औषध रक्तात हजर असावं. यातलं एकेक पाऊल बघायला किरकोळ आहे. पण छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं आणि त्याच्या मागं लगेच हृदय. खोलवर पू झाला तर तारा काढून छाती पुन्हा उघडावी लागते, आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध चालतं, कुणाकुणाला छातीवरचा स्नायू फिरवून ती पोकळी भरावी लागते, आणि त्यातून सगळेच वाचत नाहीत. शंभरातल्या एखाद-दोघांनाच हे होतं. ज्याच्या घरात होतं, त्याला त्या शंभराशी काही देणंघेणं उरत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. एक रक्तवाहिनी छातीतूनच घेतली, बाकीच्यांसाठी पायातली शीर काढली. म्हणजे जखमा दोन, एक छातीवर आणि एक पोटरीवर. घरी पाठवताना सिस्टरनं धाकट्या सुनेला बाजूला बसवून सगळं सांगितलं आणि सुनेनं ते वहीत उतरवून घेतलं. दोन महिने भरली बादली उचलायची नाही, मोटारसायकल नाही. खाटेवरून उठताना हातांवर भार द्यायचा नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. रोज साध्या साबणानं अंघोळ, जखम चोळायची नाही, टिपून कोरडी करायची. हळद, तेल, पावडर, अंगारा यांतलं काही लावायचं नाही. साखर रोज मोजायची. लाली, पू, ताप किंवा छातीत हाड कटकट वाजल्यासारखं वाटलं, तर वाट न बघता फोन करायचा.

आबा घरी आले त्या दिवसापासून वस्तीवर गाड्यांची रीघ लागली. आपल्याकडं दुखणाईताला भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. वांबोरी, टाकळीमिया, देवळाली, कोल्हार, जिथं जिथं सोयरीक होती तिथून माणसं आली. केळी आली, पेढे आले. एका मेहुण्यानं तर मेडिकलमधून प्रतिजैविकाच्या गोळ्यांचं पाकीटच आणलं, खबरदारी म्हणून. सुनेनं ते हसून घेतलं आणि कपाटात टाकलं. डॉक्टरांनी थांबवलेलं औषध आपल्या मनानं चालू ठेवलं, तर जंतू त्याला सरावतो आणि खरी गरज पडेल तेव्हा ते चालत नाही, हेही तिच्या वहीत होतं.

माणसं येत, खाटेच्या कडेला बसत आणि थोड्या वेळानं हमखास म्हणत, "दाखवा बरं टाके." आबांनाही त्यात एक अभिमान होता. ते बंडीचे बंद सोडत. पाव्हणा वाकून बघे, "अरे बापरे" म्हणे आणि तंबाखू मळलेल्या बोटानं वरून खालपर्यंत ती रेघ चाचपून पाही. दोन दिवस सुनेनं हे बघितलं. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बादली, तांब्या, साबण आणि एका टोपलीत फडकी येऊन बसली. जुन्या सुती लुगड्याची, सारख्या मापानं फाडलेली, उकळून वाळवलेली. येणाऱ्याला ती म्हणे, "आधी हात धुवा. पुसायला एक फडकं घ्या, वापरलेलं या डब्यात टाका." आणि आबांना म्हणाली, "टाके कुणाला दाखवायचे नाहीत." सर्दी-खोकल्याचं माणूस दिसलं तर त्याला अंगणातच खुर्ची देई. त्याचा खोकला आबांना लागला असता तर ढासेगणिक ते तारांनी बांधलेलं हाड हललं असतं. हललेलं हाड नीट सांधत नाही आणि फटीतून जंतूला आत जायला वाट मिळते.

चौथ्या दिवशी वैजापूरहून व्याही आले. फेटा, पांढरं धोतर, सोबत चार माणसं. सुनेनं त्यांनाही तेच सांगितलं. व्याही थबकले. "म्हणजे आमचे हात घाणेरडे आहेत का?" त्यांनी बोटांच्या टोकांना पाणी लावलं, आत आले, दोन शब्द बोलले आणि अर्धा चहा ठेवून उठले.

गाडी बांधावरून वळेपर्यंत आबा गप्प होते. मग भडकले. "लेकीच्या सासऱ्याला दारात हात धुवायला लावलेस? या घरात आजवर पाव्हण्याचा असा पाणउतारा झाला नव्हता. उद्या माझ्या लेकीनं सासरी कोणतं तोंड दाखवायचं?" सून खाली मान घालून उभी राहिली. बादली मात्र तिनं हलवली नाही.

हात धुवा म्हटल्यानं माणूस दुखावतो, हे काही राहुरीच्या वस्तीवरच घडत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर बाळंतिणींच्या विभागात काम करत होता. तिथं दोन विभाग होते. एक दाया चालवत, दुसरा डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वरानं कितीतरी जास्त बाया मरत. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत, हे सेमेलवाइसनं ओळखलं आणि विभागात शिरण्याआधी प्रत्येकानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायचे असा नियम घातला. काही महिन्यांत मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात दहापेक्षा जास्त होतं ते दोनच्या आसपास आलं. तरी त्याच्या वाट्याला शाबासकी आली नाही. पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना ते झोंबलं. आपले हात, सभ्य माणसाचे हात, ते रोग कसा वाहून नेतील? त्याची नोकरी पुढं चालली नाही आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. तिकडं ग्लासगोत जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक आम्लाच्या मदतीनं जखमा पिकू न देण्याची रीत १८६७ साली जगापुढं मांडली, तेव्हा कुठं वारं फिरायला लागलं. मला यात फार वाईट वाटतं ते एवढंच की, त्या मधल्या वर्षांत मेलेल्या बाया औषधावाचून मेल्या नाहीत. कुणाचा तरी मान राखण्यात त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी आबांची थोरली बहीण आली, आक्का. पंचाहत्तरीची, काठी टेकत. आबांनी आतूनच सुनेला हाक मारून सांगितलं, "आक्काला काही बोलायचं नाही. सरळ आत येऊ दे." सून दारात घुटमळली. पण आक्कानंच बादली बघितली, काठी भिंतीला लावली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि साबण घेतला. आधी तळवे, मग बोटांच्या फटी, मग अंगठे, मग एका हाताची नखं दुसऱ्या तळव्यावर घासून. खाली धरलेले हात तिनं वर केले, पाणी कोपराकडं ओघळू दिलं. टोपलीतलं एक फडकं उचललं, टिपलं, डब्यात टाकलं. आबा खाटेवरून हे सगळं बघत होते.

आक्का दाई होती. सरकारी दवाखान्यात प्रशिक्षण घेतलेली. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर झालेली.

"आक्का, तू कशाला?" आबा म्हणाले.

"का? मला काय शिंगं आहेत?" आक्का लांब स्टुलावर बसली. "पहिली दहा वर्षं मी असंच बाळंतपण केलं. पदराला हात पुसला की झालं. धनुर्वातानं पोरं गेली, बाळंतरोगानं बाया गेल्या, आम्ही म्हणायचो नशीब. मग दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, नवं पातं, स्वच्छ दोरा, नाळेला काही लावायचं नाही. तेव्हा मलाबी राग आला होता. मी म्हटलं, एवढी बाळंतपणं केली, आता ही कालची पोर मला हात धुवायला शिकवणार? पण त्यानंतर माझ्या हातचं पोर धनुर्वातानं गेलं नाही." ती थोडं थांबली. "तुझी सून कुणाचा अपमान करत नाही. पाव्हण्याच्या हातून तुझं वाईट झालं, तर त्या पाव्हण्यानं जन्मभर काय करायचं, त्याचा विचार तिनं केलाय."

आबा काही बोलले नाहीत. त्यांची नजर टोपलीवर होती. फडकी सारख्या मापाची, घडी घातलेली, एकाचं दुसऱ्याला नाही. ही रीत पोरीनं कुठून उचलली ते त्यांनी ओळखलं. रोज पहाटे ती त्यांच्याच गोठ्यात कास पुसायची फडकी उकळत होती.

त्या दिवसापासून येणाऱ्याला हात धुवायला आबाच सांगायला लागले. एवढ्यानं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्याला सांगणं सोपं असतं आणि आपल्यावर आली की माणूस कच खातो, तसंच झालं.

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे गडी आला नाही. थोरला मुलगा एकटाच धार काढत होता. आबांना राहवलं नाही. घरात बाकी कुणी उठायच्या आत ते गोठ्यात गेले आणि वैरण टाकायला लागले. गाईनं पाय झाडला, शेणाचं पाणी पोटरीवर उडालं, जखमेवरचा मोजा भिजला. आबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं आणि येऊन निजले. दोन दिवसांनी पोटरी ठणकायला लागली, टाक्यांच्या कडेनं लाली धरली, मोज्याला ओल लागली. आबांनी कुणाला सांगितलं नाही. चूक आपली, आता सुनेला काय सांगायचं? शिवाय एवढ्यातेवढ्यासाठी पोरांना पुन्हा नगरला पळवायचं. साखरही वाढली होती, तिचं खापर त्यांनी पेढ्यावर फोडलं.

तिसऱ्या दिवशी अंघोळीला पाणी देताना सुनेनं मोज्यावरचा पिवळा डाग बघितला. आबांनी पाय आवरून घेतला. आता ही बोलणार, असं त्यांना वाटलं. तिनं एवढंच विचारलं, "कधीपासून?"

आबांनी सगळं सांगितलं, गोठ्यासकट.

तिनं जखमेचा फोटो काढून सिस्टरला पाठवला. उत्तर आलं, आजच या. दुपारी ते इस्पितळात होते. छाती कोरडी होती, हाड घट्ट होतं. पायाचे दोन टाके सोडून पू काढला, तो तपासणीला पाठवला. अहवालाप्रमाणं औषध ठरलं आणि इन्शुलिन वाढवलं. ड्रेसिंग करताना सिस्टर म्हणाली, "आबा, पहिली धार काळ्या ताटलीत का काढता?"

"गुठळी दिसावी म्हणून."

"आणि दिसली की?"

"त्याच दिवशी डॉक्टरला बोलावतो."

"गाईसाठी त्याच दिवशी. मग स्वतःसाठी तीन दिवस का लावले?"

आबांपाशी उत्तर नव्हतं. पोटरी भरायला आणखी महिना गेला. डाग राहिला, पण निभावलं. तो पू तसाच ठेवला असता, ताप आला असता, जंतू रक्तात उतरला असता, तर छातीतल्या तारांपर्यंत जायला त्याला कुणाची परवानगी लागणार नव्हती.

पुढच्या दिवाळीनंतर वैजापूरहून फोन आला. व्याह्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती, संभाजीनगरला. ते मागचं झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बेताचंच होतं. आबांच्या पत्नी माई म्हणाल्या, "पहिल्या दिवशीच जाऊन या. नाहीतर म्हणतील, उट्टं काढलं." आबांनी थोडा विचार केला आणि स्वतःच फोन लावला.

"व्याही, मी तुम्हाला भेटायला येणार नाही. दोन महिने तरी नाही. मनात राग धरू नका. रोज संध्याकाळी फोन करीन, लागेल तेवढा वेळ बोलू. माझ्यातर्फे लेक आहेच तुमच्या घरात, तिला मी सांगून ठेवलंय, येणाऱ्याला साबणाशिवाय खोलीत घ्यायचं नाही, मग तो माझा भाऊ का असेना. आणि न्हाव्याला बोलावू नका. दात किडलाबिडला असला तर आधीच दाखवून घ्या. झडपेच्या रोग्याला तोंडातला जंतूसुद्धा बाधतो. बिडी ओढता ना अजून?"

पलीकडं व्याही खाकरले. "ओढतो."

"आजपासून बंद. आणि साखर?"

"साखर कधी मोजलीच नाही. किती पाहिजे?"

"ते मी पाठ केलेलं नाही," आबा म्हणाले. "थांबा, सूनबाईला फोन देतो. तिच्याकडं सगळं लिहिलेलं आहे."